बिंदुनामावली आणि आरक्षणाच्या तपासणीवर महाराष्ट्र सरकारचा किती खर्च होतो?

तपासणीच्या कामाचा मुख्य खर्च कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आणि वेळेचा आहे. तो आस्थापना खर्चात मिसळून जातो, म्हणून नेमका आकडा वेगळा काढणं अवघड. मी आस्थापना शाखेत काम करतो, बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे क्रमाने दाखवणारी नोंदवही, रोज हाताळतो. प्रत्येक संवर्गाची वेगळी बिंदुनामावली: बिंदू क्रमांक, प्रवर्ग, कर्मचाऱ्याचं नाव, जात, नियुक्तीचा दिनांक, जात वैधता प्रमाणपत्र. जुन्या सेवापुस्तकात जातीची नोंद पुसट असेल तर एका नावासाठी जुनी दप्तरं उपसावी लागतात. मग वही विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडे जाते, त्रुटी निघाल्या की परत येते, आणि तोवर भरतीचं मागणीपत्र अडतं. रिकामं पद हीच खरी किंमत, आणि ती बहुतेकदा गावातल्या माणसाला मोजावी लागते.

त्यात आरक्षणाचं प्रमाण बदललं की बिंदू नव्याने लावायचे:

- 2018: एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणजे मराठा आरक्षण) 16 टक्के
- 2019: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) 10 टक्के, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोकऱ्यांत एसईबीसी 13 टक्के
- मे 2021: एसईबीसी सर्वोच्च न्यायालयात रद्द
- 2024: नव्या कायद्याने पुन्हा एसईबीसी, आता 10 टक्के

मात्र हा खर्च वाया जातो असं मी मानत नाही. वही नसेल तर अनुशेष (राखीव असूनही न भरलेल्या जागा) किती, हे सिद्धच करता येत नाही. कपात करायचीच तर वहीच्या फेऱ्या कमी करा: सेवापुस्तकं संगणकावर आणा आणि त्रुटी एकदाच, सगळ्या एकत्र कळवा.