इटालियन वाइन शिकायची तर सुरुवात बारोलोपासून करावी की कॅबर्नेपासून?

दोन्हीपासून नको. बार्बेरापासून करा, म्हणजे उत्तर-पश्चिम इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतातलं काळं द्राक्ष आणि त्याची लाल वाइन, आणि मिळाली तर तिथल्या नित्सा मोन्फेर्रातो गावाच्या आसपासची घ्या.

तुम्ही लिहिलंय की बजेट कमी आहे, बारोलो परवडत नाही, इटलीतली शेकडो द्राक्षांची नावं बघून गोंधळ उडतो, मग जगभर मिळणाऱ्या कॅबर्ने-मर्लो या फ्रेंच द्राक्षांवरच शिकावं का. हे वाचून गप्प बसवेना, कारण नेमका हाच वाद माझा आमच्या दाजींशी झालाय आणि अजून मिटलेला नाही.

मी तासगावकडचा, घरी द्राक्षबाग आणि बेदाणा. नोकरीमुळं पिएमोन्तेत आस्तीजवळच्या एका गावात राहायला गेलो तर घरमालक निघाले बार्बेरावाले. वय ऐंशीच्या पुढं, तरी छाटणीला स्वतः कात्री घेऊन बागेत. आपल्याकडं वर्षातनं दोनदा छाटणी, तिकडं हिवाळ्यात एकदाच, हे त्यांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना, आणि त्यावरनंच आमची गट्टी जमली. थोडी वाइन घरी करायची आणि बाकीची द्राक्षं कांतिना सोचालेला, सहकारी वाइनरीला, घालायची, म्हणजे आपला ऊस सहकारी कारखान्याला जातो तसं.

दाजी लंडनला असतात, वाइनचा कोर्स केलेला. आमच्याकडं आले तेव्हा घरमालकांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आन्योलोत्ती (सारण भरलेला पास्ता) केलेली, सोबत घरची बार्बेरा. दाजींनी घोट घेतला आणि मराठीत मला म्हणाले, ठीक आहे, रोजच्या जेवणातली आहे, पण हे द्राक्ष खरंच भारी असतं तर कॅबर्नेसारखं जगभर लागलं नसतं का? म्हाताऱ्यांनी विचारलं काय म्हणतायत, आणि मी जसंच्या तसं सांगितलं, कारण मला राग आला होता.

ते चिडले नाहीत. जेवण झाल्यावर आम्हाला घेऊन मागच्या टेकडीवर गेले आणि उतार दाखवले. बारोलोच्या पट्ट्यात दक्षिणेकडं तोंड असलेला, ऊन भरपूर खाणारा उतार नेब्बिओलोला, म्हणजे बारोलो ज्याची करतात त्या द्राक्षाला, देतात, कारण ते पिकायला उशीर लावतं, ऑक्टोबर उजाडतो. बार्बेराला मिळतो उरलेला उतार. आणि मग लोक दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून म्हणतात, बघा, बार्बेरा हलकीच. नित्साकडं पहिला मान बार्बेराला, चांगला उतार तिचाच. म्हणून तिथली पिऊन बघा म्हणतोय. २०१४ पासून नित्साला स्वतंत्र डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाइनचा सगळ्यात वरचा दर्जा, आहे, शंभर टक्के बार्बेरा आणि निदान १८ महिने मुरवणं सक्तीचं. बारोलोला ३८ महिने लागतात, त्यातले १८ लाकडात, किमतीत थोडाफार फरक तिथंच पडतो.

आता बार्बेरा स्वस्तातली हे नाव कसं पडलं तेही ऐका. फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं बागा गेल्यावर शेतकऱ्यांनी ती भरपूर लावली कारण उत्पन्न चांगलं, वेल दणकट. त्यात १९८६ ला मिथेनॉलचं प्रकरण झालं, काही व्यापाऱ्यांनी अल्कोहोल वाढवायला वाइनमध्ये मिथेनॉल घातलं, वीसच्या वर माणसं मेली, आणि त्यात बार्बेराच्या नावानं विकलेला मालही होता. घरमालकांची त्या वर्षीची वाइन तळघरात तशीच पडून राहिली, नेहमीच्या व्यापाऱ्यानं फोनसुद्धा उचलला नाही. ज्यानं आयुष्यभर इमानानं बाग केली त्याच्या मालाला विष म्हणायचं, हे शेतकऱ्याच्या पोराला किती लागतं ते दाजींना नाही कळणार.

जाकोमो बोलोन्या या माणसानं त्याच्या आधीच, १९८२ ला, बार्बेरा छोट्या फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवून ब्रिक्को देल उच्चेल्लोने काढली आणि बार्बेराही मोठी वाइन होऊ शकते हे दाखवलं. मला स्वतःला लाकडाचा वास फार आवडत नाही, पण त्या माणसाचं ऋण मानलंच पाहिजे.

जगभर लागलं नाही म्हणे! बार्बेरा कॅलिफोर्नियात लागली, अर्जेंटिनात लागली, तिथं तिचा ढीग करून स्वस्त वाइन बनवली. उलट नेब्बिओलो पिएमोन्ते आणि शेजारच्या लोम्बार्दीबाहेर फारसं रमत नाही, म्हणून ते काय कमी झालं? पिएमोन्तेतच तोर्तोनाकडचं तिमोरास्सो हे पांढरं द्राक्ष घ्या. घड नीट भरत नाहीत, उत्पन्नाचा भरवसा नाही, म्हणून लोकांनी ते उपटून कोर्तेझे हे दुसरं पांढरं द्राक्ष लावलं. वॉल्टर मास्सा या बागायतदारानं ऐंशीच्या दशकात ते परत उभं केलं आणि आज ती इटलीतल्या सगळ्यात भारी पांढऱ्या वाइनपैकी एक आहे. आर्नेइस या पांढऱ्या द्राक्षाचंही तसंच, विएत्ती वाइनरीच्या आल्फ्रेदो कुर्रादोनं १९६७ ला वाचवलं. जात टिकवायला एखादा हट्टी माणूस लागतो, मार्केट टिकवत नाही.

बाकी ओळख करून घ्यायची तर सिसिलीत एत्नावरचं नेरेल्लो मास्कालेझे, मार्केचं वेर्दिक्कियो, कांपानियाचं फियानो, आणि कोरडी लांब्रुस्को दी सोर्बारा (बुडबुड्यांची वाइन), गोडवाली नको, एवढं वर्षभर पुरतं. एका वेळी एकाच प्रांताच्या दोन-तीन बाटल्या घ्या आणि जेवणाबरोबर प्या. बार्बेरात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन, म्हणजे तोंड सुकवणारा तुरटपणा, कमी, त्यामुळं आपल्या तांबड्या रश्शाबरोबरही चालते, तिथं कोवळी बारोलो तोंड कडू करते.

हां, एक सांगायचं राहिलं, ॲसिडिटीचा त्रास असेल तर बार्बेरा जपून. आणि अगदी स्वस्त बाटली घेऊ नका, ती नुसती आंबट निघते. भारतात आयात कर फार आहे, तेव्हा निदान तोस्काना प्रांतातल्या सांजोवेझे द्राक्षाची चव अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीच्या बाटलीतनं घेता येईल, तोस्कानाची सर येणार नाही पण अंदाज येतो.

दाजी अजूनही वादात तोस्कानातल्या सासिकाया वाइनचं नाव काढतात, १९६८ ची पहिली बाजारात आलेली, कॅबर्नेची, जगानं डोक्यावर घेतलेली. चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण त्याच १९६८ सालची कांपानियातल्या मास्त्रोबेरार्दिनो घराण्याची ताउराझी वाइन, नुसत्या आल्यानिको या तिथल्याच द्राक्षाची, तिचं नाव जाणकार आजही मानानं घेतात. तिचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.