खेड्यातही अशा रंगवलेल्या भिंती सापडतात का?

तुम्ही विचारलंय की शहरातल्या वस्तीत हिंडताना अचानक रंगीत भिंती समोर येतात, तसं खेड्यात कधी काही सापडलं का. सापडलं, आणि तेही जे गाव मला पाठ आहे असं वाटायचं तिथे.

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळ. दोन वर्षांपूर्वी फाट्यावर उतरलो आणि नेहमीचा रस्ता सोडून आखराकडून, म्हणजे गावाची गुरं जमतात त्या जागेकडून, मागच्या गल्लीनं आत शिरलो. वळण घेतलं तर जिल्हा परिषद शाळेच्या कंपाउंडवर अख्खी आगगाडी! पुढे काळं इंजिन, मागे डबे, खिडकीखिडकीत एकेक अक्षर. शाळेत याला ‘बोलक्या भिंती’ म्हणतात, अक्षरगाडी बऱ्याच शाळांवर दिसते. पण ही साधी गाडी नव्हती. डब्यांवर मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ लिहिलेलं. आमची शकुंतला!

वऱ्हाडातला कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ही नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आणि आता तर गाडीच बंद आहे. भिंतीसमोर खेळणाऱ्या पोरांनी ती पाहिलेलीच नाही. पेंटर पन्नाशीचे, एरवी दुकानाच्या पाट्या लिहितात. त्यांना गाठलं तेव्हा म्हणाले, “लहानपणी बाबासोबत बसलो हाये मी तिच्यात. फोटो पाहून नाई काढली.” कागदावरच्या छोट्या चित्रावर चौकोन आखायचे, भिंतीवर खडूनं तितकेच, पण आकारानं मोठे चौकोन पाडायचे, मग रंग. इंजिन मात्र त्यांनी तसंच, आठवणीतून काढलं. मला सगळ्यात जिवंत तेच वाटतं.

चौथ्या डब्यातून एक भेग गेली आहे. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, पाया हलतो आणि भिंती तडकतात. दर दिवाळीच्या सुट्टीत पेंटर ती भेग बुजवून वर रंग देतात. पैसे कोणी देत नाही.

त्याच गल्लीत ग्रामपंचायतीच्या जुन्या भिंतीवर गाडगेबाबा आहेत, 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं त्या काळातले. खराटा अजून ओळखू येतो, चेहरा जवळजवळ गेलाय. बाजूची भिंत एका बियाण्याच्या जाहिरातीखाली गेली, तिथे काय होतं ते आता कोणी नीट सांगत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर मोटारसायकल पारापाशी ठेवा आणि पायी फिरा. लग्नघरांच्या दाराशी कलश, केळीचे खांब आणि लग्नाची तारीख रंगवलेली असते, ती बरीच वर्षं तशीच राहते. तेही थांबून वाचा. शाळेत शिरण्याआधी गुरुजींना विचारा. दिवाळीनंतर या, तेव्हा शकुंतलेचा रंग ताजा असतो, आणि चारनंतर ऊन थेट इंजिनावर पडतं.