आधी सॉकेट, मग सोबत, ब्लेड त्यानंतर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपेपर्यंत तोच डोक्यात होता. मुलगा बावीस वर्षांचा, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेला. पाच महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. कृत्रिम पाय बसवून झालाय, पण सैल होतो, टोचतो म्हणून कपाटामागे उभा करून ठेवलाय. दिवसभर मोबाइलवर ब्लेडवर, म्हणजे धावण्यासाठीच्या खास कृत्रिम पायावर, धावणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, ब्लेड मिळाली तरच घराबाहेर पडेन. तुम्ही विचारलंय, कर्ज काढून ब्लेड घ्यावी का, आणि तो परत खेळेल का.

खेळेल. आणि ब्लेडसाठी आत्ता कर्ज काढू नका.

माझा डावा पाय २००७ साली गेला. मीही त्याच्यासारखीच 'बीके', म्हणजे गुडघ्याखालची. आज गोळा फेकते, वर्षातून दोनतीनदा दहा किलोमीटरची शर्यत पुरी करते. तेव्हा जे लिहितेय ते अंगावरून गेलेलं आहे.

पहिली गोष्ट सैल होणाऱ्या पायाची. यात पायाचा दोष नाही आणि तुमच्या मुलाचा तर नाहीच नाही. ऑपरेशननंतर स्टंपला, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या पायाला, सूज असते. ती हळूहळू उतरते, त्यातच पिंडरीचे स्नायू वापरात नसल्यामुळे बारीक होतात. पहिलं वर्षभर स्टंपचा आकार बदलतच राहतो. तिसऱ्या महिन्यात घेतलेल्या मापाचा सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप आत बसतो तो वरचा कप्पा, पाचव्या महिन्यात सैल होणार, हे पाय बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. घरच्यांना मात्र बऱ्याचदा कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षात सॉकेट एकदा तरी बदलावा लागेल, असंच धरून चाला.

तोवर उपाय आहे सॉक्सचा. स्टंपचे सॉक्स वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, एक प्लाय, तीन प्लाय, पाच प्लाय. सकाळी पाय घट्ट बसतो आणि दुपारपर्यंत सैल होतो, कारण दिवसभरातही स्टंप थोडा आकसतो. मग कुठंतरी बसायचं, पाय काढायचा, एक सॉक चढवायचा, परत घालायचा. मी ऑफिसला जाताना पर्समध्ये तीन सॉक्स घेऊनच निघते. त्याला विचारा, चालताना भार कुठं जाणवतो? गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो पट्टा असतो तिथं जाणवायला हवा. स्टंपचं टोक तळाला ठेचत असेल तर तो सॉकेटमध्ये खाली उतरतोय, सॉक वाढवा. पाय काढल्यावर कातडीवर लाली दिसेल. पंधरावीस मिनिटांत गेली तर काळजी नको. राहिली तर पाय घालायचा नाही आणि दुसऱ्याच दिवशी प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जायचं.

हे इतकं सविस्तर सांगतेय, कारण मी याच जागी चुकले. माझा पहिला सॉकेट सूज पुरती उतरण्याआधीच घेतलेल्या मापावर झाला होता. तो टोचायचा. पण मला वाटलं, सवय होईल, सगळ्यांनाच दुखत असेल. अकरा दिवस दात-ओठ खाऊन चालले. बाराव्या दिवशी संध्याकाळी लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, काढला तेव्हा आत रक्त होतं. नडगीच्या हाडाच्या टोकावर जखम झाली होती आणि ती भरेपर्यंत दोन महिने परत कुबड्यांवर. ते दोन महिने ऑपरेशनपेक्षा जड गेले. तुमच्या मुलानं पाय काढून ठेवला, यात त्याचं काही चुकलं नाही. फक्त तो तसाच कपाटामागे राहू देऊ नका, ज्यांनी बनवला त्यांच्याकडे परत घेऊन जा. हवं तितक्या वेळा जा. संकोच करू नका.

आणि एक. तो दिवसभर मोबाइल घेऊन बसतो म्हणालात. गुडघा वाकवूनच बसत असेल, किंवा झोपताना त्याखाली उशी घेत असेल. आईच्या मायेनं उशी आपणच सरकवतो, माझ्या आईनंही सरकवली होती. ती काढा. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला की पुढं सरळ होत नाही, आणि सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर धावता येत नाही. दिवसातून दोनदा पालथं झोपायला लावा.

आता ब्लेड. व्हिडिओत दिसते ती कार्बन फायबरची वळवलेली पट्टी. पाऊल टेकलं की ती दबते आणि उचलताना परत उसळते. तिला टाच नसते, त्यामुळे तिच्यावर एका जागी स्थिर उभं राहणं कठीण, सारखं पाय हलवत राहावं लागतं. ती घालून दुकानात जाता येत नाही, बसमध्ये चढता येत नाही, म्हणजे रोजचा पाय वेगळा लागतोच. शिवाय ती बसते सॉकेटलाच. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोनतीन पट भार येतो. चालताना टोचणारा सॉकेट धावताना काय करेल, याचा विचार करा. चांगली ब्लेड आणि तिचा वेगळा सॉकेट मिळून खर्च लाखांत जातो. स्टंपचा आकार अजून बदलतोय, तर तो सॉकेट वर्षाच्या आत निरुपयोगी होईल आणि कर्ज मात्र राहील.

मेजर डी. पी. सिंग यांचे व्हिडिओ त्यानं नक्की पाहिले असतील. १९९९ च्या कारगिल युद्धात ते जखमी झाले, पाय गेला. पहिली अर्धमॅरेथॉन ते २००९ साली धावले, ती साध्या कृत्रिम पायावर. ब्लेड त्यानंतर आली. आणि त्यांनी पुढं काय केलं, तर आपल्यासारख्या लोकांना एकमेकांशी जोडणारा 'द चॅलेंजिंग वन्स' हा गट उभा केला. हा भाग व्हिडिओत फारसा येत नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सुमित अंतिलचं नावही त्याला सांगा. तो कुस्ती खेळायचा. २०१५ साली मोटरसायकलच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा तो अजून शाळकरी वयाचा होता. कुस्ती सुटली, भाला हातात आला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये एकाच दिवसात त्यानं तीनदा विश्वविक्रम मोडला, शेवटचा आकडा ६८.५५ मीटर. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७३.२९, आणि २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ७०.५९ मीटर फेकून परत सुवर्ण. हे सगळं कृत्रिम पायावर उभं राहून, धावत येऊन. कुस्ती गेल्याचं दुःख त्याला झालंच असणार, तुमच्या मुलालाही कबड्डीचं होऊ द्या. घाईघाईनं 'दुसरं काहीतरी खेळ' म्हणू नका.

आपल्या पुण्यातलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, म्हणजे लष्कराचं कृत्रिम हातपायांचं केंद्र, १९४४ पासून आहे, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांसाठी ते सुरू झालं. नागालँडचे होकाटो सेमा २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात जखमी झाले, डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढं या सेंटरमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्यांची शरीरयष्टी पाहिली आणि गोळाफेक करून बघ म्हणून सुचवलं. २०१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी गोळा हातात घेतला. खडकीला लष्कराच्या बीईजी केंद्रात सराव केला आणि पॅरिसला ४० व्या वर्षी १४.६५ मीटर फेकून कांस्यपदक आणलं. एफ-५७ या त्यांच्या गटात बसून फेकायचं असतं. पाय जाऊन चौदा वर्षं झाल्यावर सुरुवात! आणि ती झाली कशानं, तर कुणीतरी नीट पाहिलं आणि एक वाक्य बोललं म्हणून.

तुमच्या मुलाला असं बघणारं कुणीतरी हवंय. घरचे नव्हे. घरच्यांच्या डोळ्यांत काळजी असते, आणि ती त्याला दिसते. माझ्या आईच्या डोळ्यांत मला रोज दिसायची.

मला तशी माणसं पुण्यातल्या तळजाई टेकडीवर भेटली. आमचा काही नोंदणीकृत संघ वगैरे नाही, नावही नाही. रविवारी सकाळी सहाच्या सुमारास दहाबारा जण जमतो. कुणी धावतं, कुणी चालतं, एक काका नुसते व्यायाम करून गप्पा मारायला येतात. त्यांचा पाय मांडीतून गेलाय, 'एके'. त्यांना चालायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो, कारण गुडघाही यंत्राचाच.

तासाभरानं सगळे एका कट्ट्यावर बसतो आणि पाय काढतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी उभीच राहिले. कट्ट्याला ओळीनं पाय टेकवून ठेवलेले, बुटांसकट. कुणी लायनर उलटा करून घाम झटकतंय, चैत्र-वैशाखात तर चमचाभर पाणी निघतं. कुणी स्टंपला हवा लावतंय, कुणी शेजारच्याला विचारतंय, 'तीन प्लायचा जादा आहे का रे?' आणि पलीकडून सॉक येतो. टेकडीवर फिरायला आलेले लोक बघत बघत जातात. बघू देत. दोन वर्षं मी माझा स्टंप नवऱ्यालाही धड बघू दिला नव्हता. त्या दिवशी एका अनोळखी बाईनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, 'इथं घट्टा पडतोय, तुझं अलाइनमेंट, म्हणजे पाय जोडल्याचा कोन, बाहेर गेलंय, दाखवून घे.' खरंच गेलं होतं. पाय आठवडाभरात दुरुस्त झाला, आणि माझी पाठदुखीही महिन्याभरात थांबली. डॉक्टरांना वर्षभर जे सापडलं नाही ते तिला सापडलं, कारण तिचीही पाठ तशीच दुखून गेली होती.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा यायला लागला, तुमच्या मुलाच्याच वयाचा. एप्रिलमध्ये जाड जीन्स घालून. आम्ही कुणी काही बोललो नाही. तो बाजूला बसायचा, पाय काढायचा नाही. चौथ्या रविवारी गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून आला, आणि काकांच्या शेजारी बसून त्यानं पाय काढला. काकांनी नुसता पाण्याचा बाटला पुढं केला. आता तो भाला फेकतो.

खेळ कुठला, हे तुमचा मुलगाच ठरवेल, पण कबड्डीवाल्याला जमतील असे एकदोन सांगते. बसून खेळायचा व्हॉलीबॉल त्याला आवडेल असं वाटतं. त्यात कृत्रिम पाय काढून ठेवायचा, मैदान लहान, जाळी खाली, आणि चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. हातांवर सरकत जागा पकडायची असते. कबड्डीतली चपळाई, मांडीचा आणि कमरेचा जोर तिथं कामी येतो, सात जणांत राहण्याची सवयही. बॅडमिंटनही आहे. मानसी जोशीचा पाय २०११ साली मुंबईत कामावर जाताना ट्रकच्या धडकेत गेला, आणि २०१९ ला बासेलमध्ये ती विश्वविजेती झाली. पोहायला तर सॉकेटची कटकटच नाही, शर्यतीत पाय काढूनच उतरायचं. मुरलीकांत पेटकर मुळात बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकलं, भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. मूळचे सांगलीचे, आणि आपल्या पुण्यातच राहतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, एसटीच्या ७५ टक्के सवलतीपासून नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापर्यंत सगळीकडे लागतं. खेळाचं वर्गीकरण मात्र वेगळं असतं, ते स्पर्धेच्या वेळी वर्गीकरण करणारे तज्ज्ञ तपासून ठरवतात. एक पाय गुडघ्याखाली गेलेला आणि कृत्रिम पायावर धावणारा टी-६४ मध्ये, त्याच पायावर उभा राहून फेकणारा एफ-६४ मध्ये. यातला टी म्हणजे ट्रॅक, एफ म्हणजे फील्ड.

तुम्ही हडपसरला आहात ना, म्हणजे तळजाई लांब नाही. या रविवारी त्याला घेऊन या. 'धावायला चल' म्हणू नका, त्याच्या सॉकेटवर आत्ता धावायचंच नाही. 'चहा प्यायला जाऊ, एक मावशी बोलवतेय' एवढंच सांगा. पाय घालून आला तर चांगलं, कुबड्यांवर आला तरी चालेल, फक्त पाय पिशवीत घालून बरोबर आणा. आमच्यातला एकजण पाय बनवण्याच्या कामातलाच आहे, तो कट्ट्यावरच सॉकेट बघेल. सॉक्स माझ्याकडे आहेत. फुलपँटच घालीन म्हणाला तर घालू द्या. वरच्या पार्किंगपासून कट्टा दोनतीन मिनिटांवर आहे, वाट सपाट आहे. तिथं पोचलात की मला इथंच निरोप टाका, मी घ्यायला येते.