घरून नोकरी आणि धंद्यासाठी भागीदार

प्रश्न : मी संगणक अभियंता असून पुण्यातील एका कंपनीचे काम सोलापुरातील घरून करतो. फावल्या वेळात मी टॉवेल-चादरींच्या कारखान्यांसाठी सूत, तयार माल आणि येणी यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले आहे. विक्री मला जमत नाही, आणि दिवसभर घरात असल्यामुळे नव्या ओळखीही होत नाहीत. व्यवहाराची बाजू सांभाळणारा भागीदार कसा शोधावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला हवा असलेला माणूस अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणारा असण्याचा संभव अधिक आहे. सुताची दलाली करणारा, कारखान्यांचे हिशेब लिहिणारा किंवा करसल्लागाराकडे काही वर्षे काढलेला कोणी तरुण पाहावा; कारखानदार अशांना दारातून परत पाठवत नाहीत. येथील यंत्रमागधारकांत तेलुगूभाषक पद्मशाली समाज मोठा असल्यामुळे त्या तरुणाला तेलुगू बोलता येत असेल, तर फारच उत्तम.

मात्र ओळख होताच निम्मा वाटा देऊ नये. तीन महिने एकत्र काम करावे आणि तेवढ्या अवधीत त्याने किमान दोन कारखान्यांकडून प्रत्यक्ष पैसे आणावेत, असे ठरवावे. गोड बोलून होकार मिळवणारे पुष्कळ भेटतात. उधारीवर चालणाऱ्या बाजारात वसुलीही करणारा आणि संबंधही टिकवणारा माणूस विरळा, आणि माझ्या मते भागीदाराची खरी पारख तेथेच होते. एखाद-दुसरी रजा घेऊन आपणही त्याच्याबरोबर कारखान्यांत जावे.

त्यानंतर लेखी करार करावा. वाटा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावा आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी सोडून जाणाऱ्यास काहीही मिळू नये, ही नवउद्योगांतील रूढ पद्धत आपणांसही सोयीची आहे. 1932 च्या कायद्याखालील साध्या भागीदारीत पेढीच्या कर्जासाठी प्रत्येक भागीदाराची खासगी मालमत्ताही जबाबदार धरली जाते. म्हणून 2008 च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाची भागीदारी निवडावी, असे मी सुचवीन.

या सर्वांआधी नोकरीचा करार काढून वाचावा. त्यात अन्य व्यवसायास मनाई असू शकते. शिवाय, वेगळा करार नसल्यास, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा स्वामित्वहक्क 1957 च्या कायद्यानुसार मालकाकडे जातो. कंपनीचा लॅपटॉप किंवा कामाचा वेळ आपण वापरला असेल, तर ते वकिलास आणि होणाऱ्या भागीदारास आधीच सांगावे, कारण ज्या वस्तूच्या विक्रीसाठी तो आपली बाजारातील पत पणाला लावणार आहे, ती कोणाच्या मालकीची आहे हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.