ऑफिसनंतर शहरात फिरून फोटो काढायला हलका ट्रायपॉड कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मिररलेस कॅमेरा आहे, त्यासोबत आलेली 16-50 लेन्स आहे, ऑफिस सुटल्यावर फोर्ट, चर्चगेट, मरीन ड्राइव्ह असं चालत फिरून संध्याकाळचे आणि रात्रीचे फोटो काढायचेत, येणंजाणं लोकलने, आणि 10 हजारांच्या आत हलका ट्रायपॉड हवाय. मी पण बरीच वर्षं हेच करतेय, ऑफिसची बॅग, त्यात कॅमेरा, त्यात ट्रायपॉड आणि लेडीज डबा, त्यामुळे जे सांगतेय ते या मुंबईच्या हिशोबाने सांगतेय.

पहिलं म्हणजे ट्रायपॉड कशासाठी लागणार ते नक्की करा. नुसतं अंधारात फोटो काढायचे असतील, म्हणजे रस्त्यावरची माणसं, टपऱ्या, इराणी हॉटेलची दारं, तर ट्रायपॉड नकोच. तुमच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय असते, वाइडला, म्हणजे लेन्स 16 वर ठेवून, श्वास धरून पाव सेकंदाचा फोटो हातात सुद्धा चांगला येतो, आणि माणसं हलणारी असली तर ट्रायपॉडने ती काही स्थिर होत नाहीत, तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवणं हाच उपाय. ट्रायपॉड लागतो तो बसच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील, समुद्राचं पाणी दुधासारखं मऊ हवं असेल, किंवा आयएसओ 100 ठेवून एफ 8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, इमारतीचा प्रत्येक दगड स्वच्छ हवा असेल तेव्हा. सीएसएमटीसमोर महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभं राहा, दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्याच, आणि मधल्या चौकातून बेस्टच्या बस वळतात, तिथे दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं की वळणाची अख्खी लाल रेघ मिळते. हा फोटो हातात धरून येत नाही म्हणजे नाही.

आता हलका म्हणजे काय. सगळेजण किलो-ग्रॅम बघतात, पण लोकलने जाणाऱ्याला वजनापेक्षा घडी केल्यावरची लांबी जास्त महत्त्वाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दीड किलोचा ट्रायपॉड पाठीवर असला तर तासाभराने जाणवतो, हो, पण 45-50 सेंटिमीटरचा असला तर तो बॅगेत जातच नाही, चेन अर्धी उघडी राहते नाहीतर बाहेर पट्ट्याला लटकवावा लागतो आणि मग संध्याकाळी सहाच्या गर्दीत चढताना त्याचा पाय कोणाच्या ओढणीत नाहीतर पर्सच्या पट्ट्यात अडकतोच अडकतो. साधारण ऑफिसच्या लॅपटॉप बॅगेत 40 सेंटिमीटरपर्यंतची वस्तू उभी राहते आणि चेन बंद होते, म्हणून 40 ही मर्यादा धरा. बहुतेक ट्रॅव्हल ट्रायपॉडचे पाय उलटे, वरच्या दिशेने दुमडतात आणि बॉल हेड, म्हणजे कॅमेरा बसवायचा गोळ्यावर फिरणारा वरचा भाग, मधे बसतं, त्यामुळे ही लांबी मिळते. जो बॅगेत बसतो तोच रोज सोबत येतो, आणि चांगला उजेड, पाऊस थांबल्यावरचा ओला रस्ता, हे काही आधी सांगून येत नाही.

पण इथेच एक अडचण आहे. लांबी कमी करायची तर कंपनी पायाचे तुकडे वाढवते, चारचे पाच करते, आणि प्रत्येक तुकडा आधीच्या आत जायचा म्हणून खालचा तुकडा बारीक बारीक होत जातो. नळीचा ताठपणा जाडीवर फार अवलंबून असतो, भिंत तेवढीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर ताठपणा साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून बारीक पायाचा ट्रायपॉड दिसायला उभा असतो पण थरथरत असतो. माझा नियम, सगळ्यात खालची नळी करंगळीपेक्षा बारीक असेल तर तो ट्रायपॉड परत ठेवून द्यायचा. चार तुकड्यांचा आणि 40 सेंटिमीटरच्या आसपास मिळाला तर उत्तम. आणि वापरताना नेहमी वरचे जाड तुकडे आधी उघडायचे, खालचा अगदी गरज पडली तरच, उलटं करणारे खूप लोक दिसतात मरीन ड्राइव्हला.

उंचीचा आकडा खोक्यावर मोठा छापतात, 150, 160 सेंटिमीटर, तो मधली दांडी पूर्ण वर काढून असतो. ती दांडी वर काढली की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखं होतं, वाऱ्यात ती पहिली हलते. मी ती काढतच नाही. म्हणून विचारताना दांडी खाली ठेवून उंची किती असं विचारा. शहरात डोळ्याएवढी उंची दर वेळी लागत नाही, तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन वर वळत असेल तर वाकावं पण लागत नाही, पण कठड्यापेक्षा वर मात्र जायला हवं. पुलाचे, सी-फेसचे कठडे बहुतेक कमरेच्या थोडे वर, छातीच्या खाली असतात, म्हणजे दांडीशिवाय 120 सेंटिमीटर मिळाले तर बहुतेक ठिकाणी काम होतं. वांद्रे रेक्लमेशनवरून सी लिंक काढताना हे लगेच कळतं.

वजन उचलायची क्षमता, 8 किलो, 10 किलो, हे आकडे तर बघूच नका. तुमचा कॅमेरा आणि लेन्स मिळून 600 ग्रॅमच्या आत-बाहेर असेल. एवढं वजन कुठलाही ट्रायपॉड उचलतो, प्रश्न पडण्याचा नाहीये, थरथरण्याचा आहे, आणि थरथरणं कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

ते तपासायची एक पद्धत आहे आणि ती दुकानातच करा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, लेन्स 50 वर न्या, समोरच्या एखाद्या पाटीवर फोकस करा, स्क्रीनवर चित्र मोठं करायचं बटण असतं ते दाबून जास्तीत जास्त मोठं करा. आता एका पायाला बोटाने हलकी टिचकी मारा. पाटीवरची अक्षरं नाचायला लागतील, ती किती वेळाने शांत होतात ते मनात मोजा. दोन सेकंदांत शांत झाली तर ट्रायपॉड चांगला, पाच-सहा सेकंद नाचत राहिली तर कितीही स्वस्त असला तरी नको. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवून हे केलं की फरक इतका स्वच्छ दिसतो की मग कोणाला विचारायची गरज राहत नाही. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे दुपारच्या निवांत वेळेला गेलात तर उघडून बघू देतात, आपला कॅमेरा आणि आपली रोजची बॅग दोन्ही घेऊन जा, बॅगेत घालून चेन लावून बघा.

हेडबद्दल थोडंसं. बॉल हेडच घ्या, तीन दांड्यांचं किंवा व्हिडिओचं हेड चालताना त्रासदायक होतं. कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट आर्का-स्विस या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीची असावी, म्हणजे उद्या दुसरं हेड घेतलं तरी तीच प्लेट चालते आणि हरवली तर सहज मिळते. मुख्य नॉब घट्ट केल्यावर चित्र किंचित खाली सरकतं का ते पण त्याच मोठ्या केलेल्या स्क्रीनवर बघा, स्वस्त हेडमध्ये हे हमखास होतं आणि फार वैताग देतं. उभा फोटो काढताना हेड बाजूच्या खाचेत झुकवतो तेव्हा हलका ट्रायपॉड त्या बाजूला कलंडू शकतो, म्हणून ज्या बाजूला कॅमेरा झुकलाय त्याच बाजूला एक पाय आला पाहिजे.

पायाची लॉक दोन प्रकारची असतात, फिरवायची आणि खटक्याची. माझी पसंती फिरवायच्या लॉकला, घडी केलेल्या पायाची सगळी लॉक एका मुठीत धरून एकदम सैल करता येतात. वेळ का महत्त्वाची ते सांगते. आपल्याकडे सूर्य मावळला की अंधार भराभर पडतो, आकाश गडद निळं आणि इमारतींचे दिवे लागलेले अशी सगळ्यात सुंदर वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं असते. जूनमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास, त्यामुळे ऑफिस सुटूनही पोचता येतं, पण डिसेंबरमध्ये सहालाच मावळतो आणि पावणेसातपर्यंत सगळं काळं झालेलं असतं. त्यात पाच मिनिटं पाय उघडण्यात गेली तर तीन जागांऐवजी एकच जागा मिळते.

आता ट्रायपॉड कितीही चांगला असला तरी काही जागा स्वतःच हलतात. पादचारी पूल, स्कायवॉक, पुण्याचा झेड ब्रिज, इथे माणसं चालली किंवा गाडी गेली की अख्खा पूल थरथरतो, त्याला महागडा ट्रायपॉड पण काही करू शकत नाही. अशा ठिकाणी पंधरा सेकंदांच्या एका फोटोऐवजी दोन-तीन सेकंदांचे बरेच फोटो काढायचे, गर्दीच्या मधल्या फटीत, आणि खांबाजवळ उभं राहायचं, दोन खांबांच्या मधोमध नाही. समुद्रावर वारा असतो, तिथे मधल्या दांडीखालच्या हुकला बॅग अडकवायची पण ती हवेत लोंबकळू द्यायची नाही, जमिनीला टेकलेली ठेवायची, नाहीतर बॅगच झोके घेते आणि सगळं हलवते. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा, हलक्या ट्रायपॉडला पाच सेकंदांचा आणखी बरा. आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, काही कॅमेरे ट्रायपॉड ओळखून घेतात पण बंद केलेलं चांगलं.

परवानगीचं बोलायलाच हवं. रेल्वे स्टेशनवर आणि मेट्रोत परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडायच्या भानगडीत पडू नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत, म्हणजे शनिवारवाडा, घारापुरी, कान्हेरी वगैरे, ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. गेटवेला बॅग तपासूनच आत सोडतात आणि तीन पाय पसरलेले दिसले की विचारपूस होते. फूटपाथवर पण भिंतीला किंवा दिव्याच्या खांबाला चिकटून उभं राहा, पाय पूर्ण पसरू नका, लोक घाईत असतात, अंधारात काळा पाय कोणाला दिसत नाही. आणि ट्रायपॉड सोडून दोन पावलं पण लांब जाऊ नका.

म्हणूनच 10 हजारांत मी काय घेतलं असतं तर आधी एक छोटा टेबल ट्रायपॉड, मॅनफ्रोटोचा पिक्सी आहे, एक किलोपर्यंत वजन घेतो, तुमच्या कॅमेऱ्याला पुरतो. मरीन ड्राइव्हचा कट्टा चांगला रुंद आहे, त्यावर हा ठेवला की मलबार हिलपर्यंतच्या दिव्यांची अख्खी कमान मिळते, आणि कट्टा हलत नाही, कुठल्याही लांब पायाच्या ट्रायपॉडपेक्षा तो भक्कम आहे. फोर्टातल्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर पण तसंच. जोबीचा गोरिलापॉड रेलिंगला गुंडाळता येतो, पण त्यातला बारीक, फोनसाठीचा घेऊ नका, 3 किलोवाला घ्या, नाहीतर लेन्सच्या वजनाने हळूहळू मान खाली घालतो. महिनाभर अशा छोट्यावर फोटो काढले की मोठा कुठे आणि किती वेळा लागतो ते तुम्हाला स्वतःलाच कळेल.

उरलेल्या पैशात अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅव्हल ट्रायपॉड घ्या, बेनरो, सिरुई, व्हॅनगार्ड यांच्यात या किमतीच्या आसपासचे मिळतात, मॉडेलं बदलत राहतात म्हणून नाव सांगण्यापेक्षा वरची टिचकीची परीक्षा घ्या. मॅनफ्रोटोचा बीफ्री अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅल्युमिनियममध्ये 1.49 किलो आणि घडी 40 सेंटिमीटर, तो नवा तुमच्या बजेटच्या वर जातो पण वापरलेला चांगल्या अवस्थेत मिळाला तर जरूर बघा, ट्रायपॉडमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं, लॉक सरकत नाहीत ना एवढं प्रत्येक पायावर जोर देऊन बघायचं. पीक डिझाइनचा 2019 मध्ये आला, घडी 39 सेंटिमीटर आणि बाटलीच्या कप्प्यात जाईल इतका सडपातळ, खरंच हुशारीने बनवलाय, पण कार्बनवाला अमेरिकेतच 600 डॉलरला आला होता आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्याच्या 1.56 किलोऐवजी 1.27 किलो, म्हणजे साधारण 300 ग्रॅमसाठी एवढे जास्तीचे पैसे सध्या तरी तुम्ही देऊ नयेत. 10 हजारांच्या आत कोणी कार्बन फायबर म्हणून देत असेल तर नळ्या किती बारीक आहेत ते आधी बघा.

घेतल्यावर एकच काळजी. गिरगाव चौपाटीवर किंवा वरळीला लाटेचे तुषार येतात तिथे उभा केलात तर घरी आल्यावर पाय साध्या गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि उघडेच ठेवून रात्रभर वाळू द्या. मिठाने अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडतं आणि वाळूने फिरवायची लॉक करकरायला लागतात, मग लॉक पूर्ण उघडून नळी बाहेर काढून साफ करावी लागते. ते काही अवघड नाही, फक्त नळीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या पट्ट्या असतात त्या निसटून पडतात, म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून करा आणि एका वेळी एकच पाय उघडा.