कलम १५१ खाली अर्ज दिला की कोर्ट काहीही करू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा वडिलांनी घातला होता. ते दवाखान्यात असताना तारीख झाली, तुमच्या बाजूचं कुणी गेलं नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. आता गावातले जाणते म्हणताहेत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (दिवाणी दावे कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १५१ चा अर्ज टाका, त्यात कोर्टाला सगळे अधिकार असतात. हे खरं का?

खरं नाही. आणि या समजुतीपायी तुमची मुदत निघून जाऊ शकते, म्हणून आधी तेच सांगतो. मी बेळगावात दिवाणी वकिली करतो, २५ वर्षं होत आली. १५१ च्या भरवशावर राहून हातचं काम घालवलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आज-उद्याच ऑर्डर शीट, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टाने काय केलं त्याची नोंद, बघून घ्या. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर म्हणून दावा काढला असेल, तर ते संहितेतल्या ऑर्डर ९ रूल ८ खाली झालं. त्याचा उपाय लगेच पुढे आहे, रूल ९: काढलेला दावा पुन्हा सुरू करून घेण्याचा अर्ज. दोघंही गैरहजर असतील तर उपाय रूल ४ मध्ये. दोन्हींना मुदत ३० दिवसांची, आणि ती दावा काढल्याच्या तारखेपासून मोजायची, तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नव्हे. ३० दिवस उलटले असतील तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागतो. पुराव्याची तारीख असून पुरावा दिला नाही म्हणून कोर्टाने दाव्याचा गुणदोषावर निकालच दिला असेल, तर मात्र मामला वेगळा. तिथे अपील करावं लागेल.

ऑर्डर शीट कन्नडात असेल. घरात कन्नड वाचणारं कुणी नसेल तर वकिलांकडून शब्दन् शब्द मराठीत समजून घ्या, संकोच करू नका. आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच दाव्याचा कागद वाचता येत नाही, ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात. ऐकीव सांगण्यात ‘काढून टाकला’ आणि ‘हरला’ यांतला फरक पुसला जातो. तुमचा दावा हरलेला नाही, हे वडिलांना नक्की सांगा.

आता १५१ बद्दल. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या या कलमाचा अर्थ इतकाच, की न्यायासाठी लागेल तो हुकूम करण्याचा किंवा कोर्टाच्या कामकाजाचा गैरवापर रोखण्याचा जो अंगभूत अधिकार कोर्टाकडे आहे, त्याला या संहितेतल्या कशामुळेही मर्यादा पडते असं समजू नये. कलम अधिकार देत नाही, असलेला अधिकार मान्य करतं. १८८२ च्या जुन्या संहितेत असं कलमच नव्हतं. तरी १९०५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने हुकुमचंद बोइद यांच्या प्रकरणात हा अधिकार कोर्टाला आहेच असं म्हटलं होतं. कायदा करणाऱ्यांना पुढची प्रत्येक अडचण आधी दिसत नाही, आणि कायद्यात शब्द नाही म्हणून कोर्टाने अन्याय बघत बसावं हेही बरोबर नाही. मला हे कलम मनापासून आवडतं ते यासाठीच. आणखी एक गोष्ट. फौजदारीत हा अंगभूत अधिकार कायद्याने फक्त उच्च न्यायालयाकडे राखला आहे. दिवाणीत तो तालुक्याच्या न्यायाधीशाकडेही आहे.

पण जिथे संहितेने वाट घालून दिली आहे तिथे १५१ चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, अगदी २०२२ मध्येही. पदम सेन यांचं १९६१ चं प्रकरण मी नव्या वकिलांना नेहमी सांगतो. गाझियाबादच्या मुन्सफांनी, म्हणजे तिथल्या दिवाणी न्यायाधीशांनी, वादीच्या हिशेबाच्या वह्या जप्त करायला कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने काम करणारा माणूस, नेमला. त्याला लाच देऊ केल्याबद्दल दोघांना शिक्षा झाली. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं तेव्हा निघालं, की दुसऱ्याच्या ताब्यातल्या वह्या अशा ओढून आणण्याचा अधिकार कोर्टाला नव्हताच. म्हणून नेमणूकच बेकायदा, म्हणून तो कमिशनर लोकसेवक नव्हे, म्हणून शिक्षाही टिकली नाही. अंगभूत अधिकार कामकाजाच्या पद्धतीपुरता आहे, माणसाच्या हक्काच्या वस्तूवर हात टाकण्यापुरता नाही. पुढच्याच वर्षी मनोहरलाल चोप्रा यांच्या प्रकरणात बहुमताने ठरलं की तात्पुरत्या मनाई हुकमाच्या ऑर्डर ३९ मध्ये न बसणाऱ्या परिस्थितीतही १५१ खाली तशी मनाई देता येते. पण त्या प्रकरणात, म्हणजे आसनसोल आणि इंदूर अशा दोन ठिकाणच्या दाव्यांच्या भांडणात, दिलेली मनाई मात्र चूक ठरवली गेली. अधिकार आहे, पण तो जपून वापरायचा.

मग हे कलम खरोखर उपयोगी पडतं कुठे? आमच्या भागातलं नेहमीचं बघा. एकाच विहिरीवरून थोरला भाऊ धाकट्यावर दावा घालतो, धाकटा थोरल्यावर. साक्षीदार तेच, कागद तेच. दोन्ही दावे एकत्र चालवून पुरावा एकदाच घ्यायचा, तर त्यासाठी १५१. किंवा मनाई हुकूम हातात आहे आणि तरी शेजारी बांध कोरतोय. हुकूम मोडल्याबद्दल ऑर्डर ३९ रूल २अ खाली मालमत्तेची जप्ती होते, दिवाणी कैदही होते, पण त्याला महिने लागतात आणि जेसीबी उद्या सकाळी येणार असतो. अशा वेळी पोलीस मदतीचा हुकूम १५१ खाली देता येतो, असं अनेक उच्च न्यायालयांनी मानलं आहे. पुरावा बंद झाल्यावर पुन्हा उघडून घ्यायचा असेल तेव्हाही. त्याचा एक वेगळा रूल होता, तो २००२ पासून गेला. २०११ मध्ये वेलुसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की योग्य कारण असेल तर १५१ आहेच, मात्र वेळ काढायला किंवा पुराव्यातली भोकं बुजवायला नाही.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट मी विसरलेलो नाही. एका आजींच्या वाटपाच्या हुकूमनाम्यात जमिनीचा हिस्सा नंबर चुकीचा टाइप झाला होता. निकालपत्रात बरोबर होता. नंबर जुळत नाही म्हणून उताऱ्याला नाव लागेना, आणि आजी दर आठवड्याला एसटीने बेळगावला यायच्या. मी १५१ खाली लांबलचक अर्ज लिहिला. माझ्या सीनियरांनी तो वाचला, १५१ खोडून १५२ केलं आणि चार पानांचं दीड पान केलं. हुकूमनाम्यातली लिखाणाची किंवा हिशेबाची चूक कधीही दुरुस्त करता येते, त्यासाठी कलम १५२ वेगळं ठेवलेलंच आहे. चूक दुरुस्त झाली. आजींनी सीनियरांच्या टेबलावर शेंगांची पिशवी ठेवली, आणि तेव्हापासून अर्ज लिहिण्याआधी मी संहिता उघडून बघतो.

तुमच्या बाबतीत योग्य कलम लावण्याला आणखी एक कारण आहे. ऑर्डर ९ रूल ९ चा अर्ज फेटाळला तर ऑर्डर ४३ खाली अपील आहे. १५१ चा अर्ज फेटाळला तर तसं अपील नाही, मग धारवाडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जावं लागतं. तो खर्च वेगळा, वेळ वेगळा. अर्जावर चुकून १५१ लिहिलं तर कोर्ट आशय बघून घेतं, नुसत्या आकड्यावरून फेटाळू नये हे खरं. पण ती जोखीम घ्यायची कशाला? बरेच वकील ‘ऑर्डर ९ रूल ९ सह कलम १५१’ असं लिहितात, त्याला हरकत नाही.

कुणी सांगेल, वाटपाचा हक्क जमीन सामाईक असेपर्यंत संपत नाही, नवीन दावा घाला. न्यायालयांनी तसं मानलं आहे, पण तो दुसरा मार्ग म्हणून ठेवा. आधीच्या दाव्यात मनाई मिळाली असेल तर ती दाव्याबरोबर गेली. दरम्यान भाऊबंदांपैकी कुणी हिस्सा विकला तर नवीन खरेदीदार पक्षकार होऊन बसेल.

अर्जासोबत वडिलांचं प्रतिज्ञापत्र, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि बिलं लावा. त्यात भरतीच्या आणि सोडल्याच्या तारखा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, कोर्टाची तारीख त्यांच्या मध्ये पडली पाहिजे. सोडल्यानंतर अर्जापर्यंत जे दिवस गेले त्यांचंही कारण लिहा. आणि दावा काढल्याच्या हुकमाची नक्कल मिळेपर्यंत थांबू नका. अपिलात नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, या अर्जात होत नाहीत.