आधी चिठ्ठी, मग फोटो

प्रश्न : संगमनेरजवळ आमच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. सुरुंगाने फुटलेल्या दगडांत पांढरे, फिकट गुलाबी स्फटिक निघताहेत. आठवीतल्या मुलीने बिस्किटांचा डबा भरून जमवलेत. गावात सगळे त्यांना गारगोट्या म्हणतात. हे नक्की काय आहे? माती ॲसिडने काढावी का? मोबाइलवर फोटो घेतला की नुसता पांढरा भपका येतो. (एक फोटो सोबत पाठवला आहे.)
– एक वाचक

उत्तर : ॲसिडची बाटली आधी जागेवर ठेवा! मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं सहायक होते, त्यामुळे बाटल्या हाताशीच. एकदा स्कोलेसाइट या खनिजाच्या सुयांचा झुपका मिळाला, त्यावरचा तांबूस डाग घालवायला रात्रभर हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला. सकाळी सुयांच्या जागी साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत थर. तेव्हापासून साधं पाणी, मऊ ब्रश आणि सावलीत वाळवणं, बस. कापसाच्या बोळ्यासारखा गोळा निघाला तर त्याला पाणीही लावू नका. तो ओकेनाइट. त्याचे केस एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नेमका तोच दाबून बघायचा असतो.

फोटो अंधुक आहे, पण मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला, ज्वारीच्या पेंढीसारखा जो गुलाबीसर स्फटिक दिसतोय तो बहुधा स्टिल्बाइट. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तिने काचेवर ओरखडा उठतो, स्टिल्बाइटने उठत नाही. एखाद्या तुटक्या तुकड्यावर करून बघा. चौकोनी खांबासारखे, पारदर्शक आणि माथ्यावर मोत्याची झाक असलेले मिळाले तर ते अपोफिलाइट. व्हिनेगरच्या थेंबाने फसफसला तर कॅल्साइट.

आपल्या काळ्या पाषाणात हे येतात कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि आतून स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांतला. त्याच्यासाठी जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव घेतात. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय तुम्हाला जवळ आहे. लेकीला एक दिवस तिथे सोडा आणि घाई करू नका.

आता फोटो. फ्लॅश बंद. ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी बसा आणि उजेड व दगड यांच्यामध्ये बटर पेपर धरा. खाली काळा कागद घाला. मी मखमल वापरून बघितली, तिचे तंतू स्फटिकापेक्षा ठळक आले. फोन हातात धरू नका, स्टीलच्या डब्यावर टेकवा आणि टायमर लावा. फार जवळ जाऊ नका, थोडं मागे सरून झूम करा. पडद्यावर स्फटिकावर बोट ठेवलं की उजेडाची पट्टी येते, ती खाली ओढा. तुमचा पांढरा भपका तिथेच जाईल. मग दगड अगदी हळू फिरवा. एखादी बाजू आरशासारखी चमकते, त्या क्षणी सगळे खटकन फोटो घेतात. तसं करू नका. दगड केसभर मागे फिरवा, मग पृष्ठावरच्या बारीक रेघा दिसायला लागतात. माझा सगळ्यात चांगला अपोफिलाइट असाच, सतराव्या प्रयत्नात मिळाला.

पण फोटोआधी चिठ्ठी. प्रत्येक दगडाबरोबर गाव, शेत, किती फुटांवर निघाला आणि तारीख, सगळं पेन्सिलीने लिहा. ओल आली की पेनाची शाई पसरते. माझ्याकडे चिठ्ठी नसलेले तीन सुंदर दगड आहेत. पुण्याजवळच्या पाषाण गावचे की जळगावचे, कुणाला विचारणार? ते आता पेपरवेट आहेत.

सुरुंगानंतर मुलीला विहिरीत उतरू देऊ नका, दगड वर आले की काठावर निवडू दे. आणि खोली आजच विहीरवाल्यांना विचारून घ्या. काम संपवून ते पुढच्या गावाला गेले, की विचारायला कुणी सापडत नाही.